चिंगीचा गुडघा आणि मी काढलेलं पत्रक

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मी चालवतो त्या संघटनेतल्या पोरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही त्या बाईचा राग येतोय, म्हणजे बघा.

चिंगी आमची पामेरियन कुत्री. चालता चालता मागचा पाय उचलून धरायची, जरा लंगडायची, मग पुन्हा नीट. मोताळ्याच्या डॉक्टर मॅडमनी गुडघा बोटांनी चाचपला. वाटी जागेवरून सरकते, म्हणाल्या. वजन उतरवा, उड्या बंद, नाही थांबलं तर ऑपरेशन. इथवर ठीक होतं. पण आमच्या मोर्चात चिंगी गळ्यात संघटनेची पट्टी बांधून टेम्पोवर चढ-उतर करायची, ते त्यांनी पाहिलेलं. भरल्या दवाखान्यात, माझ्या पोरांसमोर म्हणाल्या, "नेते, घोषणा तुम्ही द्या. तिले काऊन नाचवून राह्यले?"

पोरं हसली. माझी पोरं.

मग मी दुसरा डॉक्टर कसा निवडला, सांगू? मलकापूरचा एकजण आमच्या प्रत्येक निवेदनावर सही करायचा. मॅडमनी कधीच केली नव्हती. झालं — तो आपला, ती त्यांची. त्यानं गुडघ्याला हातही न लावता इंजेक्शन टोचलं आणि संध्याकाळी चिंगी पळायला लागली. हा पुरावा होता का? मला तो हवा होता, एवढं खरं.

पत्रक एकाच बैठकीत लिहिलं, मॅडमच्या दवाखान्याचं नाव घालून. 'धडधाकट जनावरं चिरणारी टोळी.' टोळी — एकटी बाई होती ती. खाली सही, 'एक जागरूक पशुपालक'. पोरांना सांगितलं, एका शेतकऱ्यानं लिहून दिलंय. आठवडी बाजारात वाटलं. शेळ्या घेऊन आलेली माणसं वाचून माना हलवत होती आणि मला — खोटं कशाला बोलू — पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

इंजेक्शनं चालू राहिली. टेम्पोही. एका सकाळी चिंगीनं पाय टेकलाच नाही. मलकापूरवाला म्हणाला, "आता काही होत नाही भाऊ, म्हातारी झाली." चिंगी तरणीताठी होती.

आई माझं न ऐकता तिला मॅडमकडे घेऊन गेली. दवाखाना रिकामा होता. मॅडमनी ऑपरेशन केलं. पट्टी बदलायला मी जायचो. एकदा त्यांनी तेच पत्रक माझ्यापुढे सरकवलं. "दादा, तुम्ही लिहिता चांगलं. याले उत्तर लिहून द्या ना. मले असं जमत नाही."

मी म्हणालो, "पाहतो."

आणि बाहेर आल्यावर — एवढं फिरून इथंच यायचं होतं — मला आनंद झाला. चिंगीच्या पायाला त्यांनीच बांधलेली पट्टी होती, चिंगी माझ्या हातात होती, आणि मला आनंद झाला. पोरांना माझ्यावर हसवणारी बाई आता माझ्यापुढे हात पसरत होती.

मी उत्तर लिहिलं नाही. त्यांनी आणखी एकदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

चिंगी आता चारही पाय टेकून चालते. मोताळ्यात त्या दवाखान्याच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आहे. मॅडम सध्या कुठे असतात ते मला माहीत आहे. मी गेलेलो नाही.