खांबाला टिचकी

दुबईत जन्म घालवलेल्या माणसाचा जुन्या इमारतींवर विश्वास बसत नाही. त्यातून आमच्या ह्यांची नोकरी रास अल खोरच्या एका कारखान्यात. व्हिला आणि मॉलसाठी ‘युरोपियन’ खांब, कमानी, सिंहांची तोंडं, सगळं जिप्समचं नाहीतर फायबरचं. भलाथोरला रोमन खांब दोन कामगार बांबूसारखा खांद्यावरून नेताना मी पाहिलाय. त्यामुळे हे रिटायर झाल्यावर ‘आता ओरिजिनल बघू’ म्हणून युरोपला गेलो, तेव्हा मी दिसेल त्या खांबाला टिचकी मारत सुटले. पोकळ वाजतोय का!

तेव्हाची मी म्हणजे नमुनाच. पर्समध्ये मेतकूट आणि डोळ्यांत संशय. व्हेनिसमध्ये होडीत बसून ह्यांना म्हटलं, "आपल्या मॉलमधलं पाणी ह्यापेक्षा स्वच्छ आहे. हेच खरं व्हेनिस ना, नक्की?" भाज्यांच्या सुपातला प्रत्येक तुकडा चमच्याने उलटून पाहिला, खाली कोणी पोहणारं दडलंय का म्हणून. वेटरने काय झालं विचारलं. मी म्हटलं, "चेकिंग!"

फ्लॉरेन्सला मात्र माझंच नख दुखलं. खांब दगडी, गार, भरीव. मला हसू आलं. ह्यांना नाही आलं. जेवताना पास्ता बाजूला सारून म्हणाले, "आयुष्यभर मी थर्माकोल विकला गं."

त्यानंतर फोटो बंद, बोलणं बंद. मला आधी चीजचा संशय, मग बीपीचा. बळेच ओवा चारला.

"पोट बिघडलंय का?"

"नाही."

"मग तोंड का बिघडलंय?"

ह्यांनी ओव्याची पुडी माझ्या पर्समध्ये परत टाकली.

व्हिएन्नात एका जुन्या चर्चमध्ये शिरलो. तांबूस संगमरवरी खांब, वर सोनेरी नक्षी. हे एका खांबापाशी गेले, तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. मग चक्क गुडघ्यांवर बसले. गणपतीच्या आरतीत घड्याळ बघणारा माणूस! म्हटलं, खलास, गेला हातचा.

"अहो, उठा. लोक बघतायत."

"इकडे ये. हात लाव."

"मी नाही लावणार."

"अगं, लाव तर! गार लागतोय?"

नव्हता लागत. सवयीने टिचकी मारली तर बद्द वाजला. तळाशी एक कपचा उडाला होता, आत पांढरट भुकटी. ह्यांनी ती बोटावर घेतली, चिमटीत चोळली.

"जिप्सम," हे म्हणाले. "रंग कालवून थापलंय आणि घासून घासून चकाकी आणलीय. शिरासुद्धा हातच्या. किती पिढ्या उभा आहे कोण जाणे, पण कुठे भेग नाही बघ."

"म्हणजे इथेही फसवाफसवीच?"

"फसवाफसवी काय? काम आहे ते. आमचंच काम."

बाहेर कॅफेत सफरचंदाचं स्ट्रूडेल मागवलं. मी पापुद्रे सुटे करून आत काय आहे ते तपासत होते, तोवर ह्यांनी आपलं संपवून माझ्या बशीत हात घातला होता.

अजूनही दुबईत जुमेऱ्यातून जाताना एखाद्या व्हिलापाशी गाडी हळू होते. "हा माझा," हे म्हणतात. मी उतरते. मागच्या सीटवरून नात ओरडते, "आजी, प्लीज! पीपल आर लुकिंग!" बघू देत. मी टिचकी मारते. खांब पोकळच वाजतो.

"भेग नाही ना?" हे काच खाली करून विचारतात.

ह्यांच्या शब्दावर कोण विसंबतंय! मी खालपासून वरपर्यंत स्वतः बघून घेते.

"नाही," म्हणते. "यल्ला, चला."