अभिराजचं दुखणं

बंगळुरात अलसूरच्या तळ्याला निम्मी फेरी झाली, तेव्हा स्मितामावशींच्या ध्यानात आलं की पोरगं बोलतंय भरपूर, पण चालतंय चोरून. उजवं पाऊल टाकताना आधी टाच टेकायची आणि मग उरलेलं पाऊल हळूच खाली सोडायचं, झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसं.

त्यांच्यावर सोपवलेलं काम वेगळं होतं. भाच्याला फिरवायचं, एवढंच.

गुरुवारी त्यांच्या येलहंक्याच्या घरी फोन आला होता. "अक्का, मी हवालदार मल्लाप्पा. तुमचा अभिराज माझ्या हाताखाली शिकतो." हवालदार म्हणताच मावशींनी मारुतीरायाचं नाव घेतलं. सीमेवरची लढाई थांबून काही आठवडे झाले होते. पण त्या दिवसांत डोक्यावरून विमान गेलं की हातातलं काम टाकून रामरक्षा म्हणायची जी सवय लागली, ती काही सुटली नव्हती. मल्लाप्पा मात्र कानडीत फार मऊ बोलले. पोराला घरची आठवण सोसवत नाही, आपण होऊन येऊन बोलला बिचारा. साहेबांना विचारून रविवारी सोडतो. "स्वल्प फिरवा, घरचं खाऊ घाला, म्हणजे सरी होईल, ठीक होईल."

म्हणून मावशी बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून सकाळीच लष्कराच्या प्रशिक्षण केंद्राच्या गेटवर हजर. त्यांचे यजमान पुरुषोत्तम म्हणालेही होते, "घरीच आण की त्याला, रिक्षा करून." पण मावशींचं मत असं, की घरी आणलं तर पोर झोपून जाईल. मन हलकं व्हायचं तर माणसानं चालावं.

अभिराज त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हसवडकडचा. भरतीसाठी दोन वर्षं कॅनॉलच्या रस्त्यानं पहाटे पळलेला. तेव्हा गालांवर जरा मांस होतं. आता डोकं असं भादरलेलं, की कान तेवढे पुढं आलेले दिसत.

"दाढी करतोस रोज?" मावशींनी विचारलं.

"करावीच लागती. नसली तरी करायची. एकदा म्हणलो, उगवलीच न्हाई, तर मल्लाप्पा उस्ताद म्हणले, उगवायच्या आधीच कापायची. शिस्त हाय ती."

पलंगाची गंमतही त्यानंच सांगितली. चादरीची घडी विटेसारखी चौकोनी लागते. ती पुन्हा घालायचा कंटाळा म्हणून पोरं पलंग तसाच ठेवून खाली फरशीवर झोपतात. लढाईच्या दिवसांत दिवे घालवून अंधारात जेवायला बसवत, तेव्हा शेजारच्या रघुनंदननं याच्या ताटातलं अंडं उचललं आणि वर म्हणाला, देशासाठी एवढा त्याग कर. दिवसभर तांबड्या मातीत खंदक खणायचे, संध्याकाळी तेच बुजवायचे. हसणारे उस्ताद हसायचे थांबले. वरच्या तुकडीतली पोरं शपथ घेऊन निघून गेली, कुणी कुठं ते कुणी विचारलं नाही.

"आई फोनवर सारखं एकच. तुला पाठवणार का रे तिकडं? म्हणलं, मला कोण नेतंय? मला अजून बूट घालून जिना धड उतरता येत न्हाई."

तो हसला. मावशी हसल्या नाहीत.

"मग लई आठवण येते घरची?"

"कुणाला?"

"तुला. तुझ्या उस्तादांनी फोन केला होता. रात्री रडतोस म्हणे."

अभिराज जागच्या जागी थांबला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "आयला! तरीच!"

"काय तरीच?"

"मावशे, मी पाय दुखतो म्हणून सांगायला गेलतो."

झालं होतं ते असं. नडगी दुखायला लागून बरेच दिवस झाले होते. शेवटी धीर करून तो मल्लाप्पांसमोर ताठ उभा राहिला आणि आपल्या हिंदीत म्हणाला, "उस्ताद, रात को बहोत दुःख होता है." उस्तादांनी दार लोटलं, याला स्टुलावर बसवलं, आपला चहा याच्यापुढं सरकवला. स्वतः भरती झाले तेव्हा उशीत तोंड खुपसून कसे रडायचे, तेही सांगितलं. कधी कुणाशी मऊ न बोलणारा माणूस, डोळे पुसत होता. त्याला मध्येच अडवून 'मन न्हाई, नडगी' असं म्हणायचं कसं?

"आणि आता सगळी मला दुःखीराम म्हणत्यात."

"अरे देवा," मावशी म्हणाल्या, "आणि मी तुला तळ्याभोवती फिरवतेय!"

बाकावर बसवून त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. एका जागी दाबताच पोरगं तोंड मिटून कळवळलं. उद्या पाठीवर ओझं घेऊन लांबची चाल होती, आणि ती झाली की महिन्याभरात शपथेची परेड. म्हसवडहून त्याची आई, वडील, चुलते सगळे यायचे होते. आजारी म्हणून नाव दिलं आणि डॉक्टरनं हाड चिरलंय म्हटलं, की विश्रांती. विश्रांती म्हणजे खालच्या तुकडीत. रघुनंदन आणि बाकीची पुढं जाणार, हा मागं.

"पट्टी घट्ट बांधून काढीन की उद्याचा दिवस," तो म्हणाला. "तुझ्याकडं मारुतीचा अंगारा असंल ना?"

होता. पर्समध्ये पुडी कायमच असे. मावशींनी तो त्याच्या कपाळाला लावला, नडगीलाही लावला, आणि पुडी मिटली. "हे बघ, उशिरा शपथ घेतलीस तर तुझी आई चार दिवस तोंड पाडून बसेल. हाड मोडून घरी आलास तर जन्मभर. देवाला मी सांगते. उस्तादांना कोण सांगणार?"

पाण्यात एक बगळा एका पायावर उभा होता. त्याच्याकडं बोट करून अभिराज म्हणाला, "त्याचं बरंय," आणि मग उगाच बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.

"मी सांगू का गेटवर? मला कानडी येते," मावशी म्हणाल्या.

"नको नको! मावशी घेऊन आला म्हणून पेन्शन मिळंपर्यंत चिडवतील मला."

"मग?"

तो उठला. या वेळी लंगडणं लपवलं नाही. गेटच्या दिशेनं दोघं निघाली, मावशींनी त्याच्या हातातली भाकरीची पिशवी काढून घेतली. चार पावलं गेल्यावर तो म्हणाला, "मावशे, पाय दुखतोय, हे कानडीत कसं म्हणायचं तेवढं शिकव. आणि गेट येईपर्यंत माझ्याकडनं म्हणवून घे. पुन्हा चुकायला नको."