उजव्या हाताच्या बांगड्या

कला माणसाला माणसाशी जोडते, असं म्हणतात. पनवेलमध्ये मे महिन्यात ती आधी माणसाला एसीशी जोडते. गावोगाव फिरणारं ते छायाचित्रांचं प्रदर्शन आमच्याकडच्या हॉलमध्ये आठवडाभर मुक्कामाला होतं, आणि दुपारी बारा ते चार या वेळात तिथे मानवी जीवनाविषयी आस्था असणाऱ्यांची चांगलीच गर्दी असे. काही जण आस्थेने खुर्चीत झोपत.

माझा या प्रदर्शनाशी संबंध एवढाच, की फोटोंखालचे इंग्रजी मजकूर मी मराठीत आणून दिले होते. फोटो मला पाठवले नव्हते, नुसते मजकूर आले. मजकुरात 'अथांग', 'मूक' आणि 'हरवत चाललेले' हे शब्द इतक्यांदा होते, की तिसऱ्या पानानंतर मी ते न वाचताच लिहायला लागलो. एकोणिसाव्या फोटोखाली मी लिहिलं होतं : 'दर्याने जिचे सौभाग्य नेले, ती आजही दर्याच्याच भरवशावर जगते. तिचा रिता हात हीच तिची मूक कहाणी.' तेव्हा वाक्य मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात मासे घ्यायला गेलो. उरणकडून येणाऱ्या एका कोळणीकडून मी दहा-बारा वर्षं मासे घेतो. ती माझ्यापेक्षा वयाने लहान असेल, तरी मी तिला मावशी म्हणतो आणि ती मला भाऊ. हे नातं भाव करण्यापुरतंच असतं, पण टिकतं.

त्या दिवशी तिने मला बघूनही टोपलीवरचं फडकं उचललं नाही.

"भाऊ, तुमी शिकलेली मानसं. मला सांगा, मानूस जिता असताना मेला म्हनून भिंतीवर लिवतात काय?"

खारघरची एक कॉलेजातली मुलगी, तिचं नेहमीचं गिऱ्हाईक, आदल्या दिवशी येऊन तिच्या गळ्यात पडली होती. "मावशी, सॉरी हं, काकांचं मला माहीतच नव्हतं," म्हणाली आणि मोबाइलवर काढून आणलेला प्रदर्शनातला फोटो दाखवून खालचा मजकूर वाचून दाखवला. एकोणिसावा फोटो हिचाच होता.

"तो फोटोवाला आला, उजव्या बाजूनं फोटू काढला नि गेला. एक बोंबील पन घेतला नाय. त्याला कोनी सांगितलं, माझा मानूस गेला?"

"हात रिकामा दिसला असेल," मी म्हणालो.

"मंग तो रिकामाच असतो! लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला दिल्या आमी. दर्यानं नवऱ्याला सांभालावा म्हनून. हा बघा डावा." डावा हात तिने माझ्या नाकासमोर धरला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या. फोटोत तो टोपलीमागे राहिला असणार.

म्हणजे नवरा जिवंत असल्याची खूण बघून आम्ही त्याला मारला होता.

"आताच छातीत स्प्रिंग बसवून घरी आलाय," ती आवाज खाली आणून म्हणाली. "रविवारी फोटू बघाला येनार हाय. लय हौस. मला वाचता येत नाय, त्याला येतं. त्यानं ते वाचलं तर? कुनी लिवलं असंल हो?"

मी टोपलीवरच्या फडक्याकडे बघत म्हणालो, "मी."

तिने फडकं टोपलीवर आणखी घट्ट ओढलं. मग म्हणाली, "मंग तुमीच पुसा."

संयोजक म्हणून आलेली मुंबईची मुलगी भली होती, पण तिच्या हातात काही नव्हतं. "सर, पॅनल लॉक झालंय. टेक्स्ट टीमने अप्रूव्ह केलंय." मी बांगड्यांचं सांगितलं. ती फोटोसमोर उभी राहून विचारात पडली.

"पण मग यात स्टोरी काय उरते?"

"नवरा जिवंत आहे, ही."

शेवटी इंग्रजीला हात न लावता मराठी मजकुरावर पट्टी चिकटवायची परवानगी मिळाली. झेरॉक्सच्या दुकानात मी नवा मजकूर छापून घेतला : 'लग्नात हिने उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला दिल्या, दर्याने नवऱ्याला सांभाळावं म्हणून. दर्याने शब्द पाळला आहे.' पट्टी मी चारही बाजूंनी दाबून बसवली. खालचं 'सौभाग्य' उजेडात किंचित दिसत होतं, म्हणून वर दुसरी लावली.

रविवारी ती दोघं आली. तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, सावकाश चालत. बाकीचे फोटो त्याने रांगेतल्या अनोळखी माणसांकडे बघावं तसे बघितले आणि एकोणिसाव्यापाशी थांबला.

"टोपलीतला हलवा ताजा दिसतोय," तो म्हणाला.

"हलव्याला बघाला आलायस?"

"तुला रोज बघतोच की."

मग तो खालच्या मजकुराकडे वाकला. तिने पिशवी छातीशी धरली. मीही जरा पुढे सरकलो. त्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही.

"चष्मा घरीच ऱ्हायला वाटतं."

"ऱ्हाऊ दे. भाऊ वाचतील."

मी वाचलं, जरुरीपेक्षा थोडं मोठ्याने. शेवटच्या वाक्यावर त्याने मान हलवली. "बराबर लिवलंय," म्हणाला. "कोनी लिवलं?"

"हायेत एक शिकलेले," ती म्हणाली.

माझ्या लिखाणाला इतकी सरळ दाद फारशी मिळालेली नाही. पट्टीवर किती विचार केला होता, हे मी मनातल्या मनात आठवत होतो. तेवढ्यात त्याच्या गोळीची वेळ झाली म्हणून तिने पिशवी उघडली. आत, पाण्याच्या बाटलीशेजारी, त्याचा चष्मा होता.