नसीमभाभींच्या पुस्तकांची लग्नं

जरा पुढं सरकून बसा बघू. लांबून ऐकायचं, निम्मं वाऱ्यावर सोडायचं आणि घरी जाऊन भलतंच सांगायचं, ही तुमची खोड बरी नव्हे. नसीमभाभींबद्दल ऐकायचं तर कान इकडं आणि फोन पालथा.

कोल्हापुरात एका बोळात भाभींचा छापखाना आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून तिथं लग्नपत्रिका छापायचे, सगळ्या जातीधर्मांच्या. वर कुठल्या देवाचं नाव घालायचं, कुठली आत्या गाळली तर मांडवात भांडण लागतं, हे भाभींना तोंडपाठ. पुढं लोक फोनवरच आमंत्रणं धाडायला लागले आणि मशीन गप्प झालं. दुसरी कुणी दुकान विकून मोकळी झाली असती. भाभींनी पुस्तकं काढायला घेतली. तीही कुणाची? ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांची. कबनूरच्या कापडाचे माग चालवणाऱ्या एका मागवाल्याची, एका कंडक्टरबाईची, आणि माझी.

सकाळी सकाळी त्यांचा फोन यायचा. चहा झाला का, मग लिहिलेलं पान कुठाय? मी कुठं नटवून-सजवून लिहिलं की वाचता वाचता थांबायच्या. "हे बोलणं कुणाकडनं उसनं आणलंस? परत देऊन ये जा."

सवय मात्र लग्नाचीच राहिली. त्यांचं पुस्तक हॉलमध्ये प्रकाशित होत नाही. लिहिणाऱ्याच्या गल्लीत मांडव पडतो, पत्रिका छापतात, आणि भाभी लेखकाला घेऊन घरोघर ती द्यायला जातात. पहिली पत्रिका रुसलेल्याला. "खूश हायत ते येत्यातच की. रुसलेला आला तर कार्य झालं म्हणायचं." मागवाल्याचा सासरा त्याला बिनकामाचा म्हणायचा. भाभींनी त्यालाच फेटा बांधून पुढं बसवलं. आता तो सासरा घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चहाच्या आधी जावयाचं पुस्तक देतो.

माझं रुसलेलं माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. माहेर आमचं शिरोळचं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला जायची, त्यावर आम्ही दोघं वाढलो. ते मी पुस्तकात लिहिलं. अण्णाचे आता ट्रॅक्टर आहेत, गावात वजन आहे. तो म्हणाला, तेवढं पान काढ, नाहीतर माहेरची वाट विसर.

बाईमाणसाचं वय कितीही होऊ दे, माहेर ते माहेर. मी रडत भाभींकडं गेले, पान काढा म्हणाले. त्यांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं.

"पान तुझं हाय. तुला नको वाटत असंल तर आत्ता फाड, मी काय बोलणार न्हाय. पर भावाला भिऊन फाडणार असशील तर हितं न्हाय, घरी जाऊन फाड."

मला फाडवेना. मग भाभी पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आल्या. म्हणाल्या, हळदीकुंकू तू लाव, कार्य तुझ्या घरचं. आणि आम्ही शिरोळची एसटी धरली.

अण्णा सोप्यात बसलेला. मला बघून त्यानं तोंड फिरवलं, पण पत्रिका घेऊन आलेल्या बाईला दारात कोण उभं ठेवतं? "या पावणं, बसा," म्हणाला. भाभींनी पाणी घेतलं, पत्रिका पुढं केली. माझ्या नावाखाली ठळक छापलं होतं, मामा, आणि पुढं अण्णाचं नाव.

हे काय म्हणून अण्णानं विचारलं.

"पुस्तक हिचं लेकरू. मग तुम्ही कोण झालासा? मामाच की. मामा मागं उभा ऱ्हायल्याबिगर आमच्यात कार्य होत न्हाय."

"आणि न्हाय आलो तर?"

"तुमची खुर्ची मोकळी ठेवीन. लोकं इचारतील, तवा सांगीन, वाट बघतोय."

आणि न विचारताच त्यांनी पिशवीतनं ते पान काढलं आणि खणखणीत वाचायला लागल्या. अण्णा फरशीकडं बघत होता. वाचून झालं. मग अण्णा म्हणाला, "चुकलंय."

मी उठायला लागले.

"अव्वा डावखुरी हुती. हिनं खुरपं उजव्या हातात दिलंय. म्हणून तर मला उजव्या बाजूला बसवून घ्यायची, लागू नये म्हणून."

भाभींनी तिथूनच छापखान्यात फोन लावला. मशीन थांबवा, मामांनी दुरुस्ती सांगितलीय. परतताना एसटीत त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, चूक काढली म्हणजे वाचतोय, आणि वाचतोय म्हणजे येतोय.

मला मात्र खात्री नव्हती. आमच्या गल्लीत मांडव भरला, हलगी वाजून वाजून दमली, माझ्यामागची खुर्ची रिकामीच. लोक चुळबुळायला लागले. मी म्हणाले, भाभी, करा सुरू. त्या हलल्या नाहीत. मामा आल्याशिवाय मुहूर्त नाही, एवढंच बोलल्या.

आणि गल्लीच्या तोंडाला ट्रॅक्टर आला. मागं ट्रॉलीत अर्धी भावकी, पुढं अण्णा, डोक्याला फेटा. गडी सरळ येऊन माझ्यामागं उभा राहिला. पुस्तकावरचं कापड त्यानंच काढलं. मग कुणी सांगितलं नसताना माईक घेतला आणि नेमकं तेच पान उघडलं. खुरपं आता डाव्या हातात होतं. वाचून झालं तसा त्यानं आवाज चढवला.

"ही आमची अव्वा. लोकांच्या उसात भांगलून तिनं आम्हाला उभं केलं. माझं ट्रॅक्टर बी तिच्या खुरप्यातनंच आलंय."

हलगीवाल्याला कुणी खूण करायची गरजच पडली नाही. भावकीतल्या बाया उठून मला कवटाळत होत्या. भाभी कुठं दिसेनात म्हणून बघितलं, तर त्या मांडवाच्या कोपऱ्यात एका लाजऱ्या पोरीला विचारत होत्या, तू लिहितेस ते बरं, पण तुझ्या घरात कोण रुसलंय ते सांग.

निघताना अण्णा ट्रॅक्टरवर चढला. पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर. सुरू केलेलं इंजिन त्यानं परत बंद केलं.

"सुशे, माहेराला कधी येतीस? लवकर ये. येताना भाभींना घिऊन ये."