आवक क्रमांक एक

आमचे काका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये बत्तीस वर्षं होते आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले; फक्त रूम घरी आली. टीव्हीखाली त्यांनी स्वतः जोडलेला एक गुडघ्याएवढा काळा कॉम्प्युटर होता, चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. घरातले सगळे सिनेमे त्यात साठवलेले होते, पण एकाही फाइलला सिनेमाचं नाव नव्हतं. नावं देणं हे काकांच्या मते हौशी लोकांचं काम. त्यांच्याकडे आवक क्रमांक होते.

म्हणजे काकूंचा आवडता विनोदी सिनेमा चारशे बारा. ते एका लांबट वहीत लिहिलेलं, आणि वही काकांच्या कपाटात. सिनेमा हवा असेल तर चिठ्ठी द्यायची: मागणारा कोण, काय हवं, कधी हवं. लग्नाआधीही काकूंनी त्यांना पत्र लिहिलं नव्हतं. ती कसर या चिठ्ठ्यांनी भरून निघाली. मग काका चष्मा लावत, कीबोर्ड मांडीवर घेत आणि वीस मिनिटांनी सिनेमा सुरू होई. मध्येच अडकला की उठून झाकण काढत आणि पंख्यावर फुंकर मारत. त्यांच्यावाचून घराचं घोडं अडावं, हीच त्यांची इच्छा होती. कचेरीने हार घालून निरोप दिला आणि पंधरा दिवसांत त्यांना विसरून गेली. घराने तसं करू नये म्हणून हा सगळा खटाटोप. हे कळेपर्यंत मला त्यांचा राग यायचा; कळल्यावर वाईट वाटू लागलं, पण हसू काही थांबलं नाही.

एके दिवशी त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, साबणाच्या वडीएवढी एक डबी आणून टीव्हीला जोडली आणि कॉम्प्युटर जिन्याखाली नेऊन ठेवला.

"याची नोंद कुठे करायची?" काकांनी विचारलं.

"नोंद नाही करायची, बाबा. नुसतं बोलायचं."

काकूंनी रिमोट तोंडाशी धरून दबकतच सिनेमाचं नाव सांगितलं. तो लागलासुद्धा. त्यानंतर काकूंनी काकांकडे बघायचं टाळलं.

"आयत्या बिळावर नागोबा," काका डबीकडे बघत म्हणाले. संध्याकाळी त्यांनी तिच्यावर लाल पेनने लिहिलेला कागद चिकटवला: आवक क्रमांक एक. नंतरचा आठवडाभर कुणी चिठ्ठी दिली नाही, आणि काका दिवसातून दोनदा कपाट आवरू लागले.

रविवारी दुपारी मी गेलो तेव्हा ते एकटेच टीव्हीसमोर होते. पडद्यावर प्रश्न होता, कोण पाहत आहे? खाली चार गोल: काकू, भाऊ, वहिनी, पाहुणे.

"यातला मी कोण?" काकांनी मला विचारलं. "पाहुणा?"

मी घाईघाईने त्यांच्या नावाचा गोल तयार केला. डबीने त्यांना आवडीचे तीन सिनेमे निवडायला सांगितले. काका एकेक चित्र बघू लागले.

"हा तुझ्या काकूचा. हा सूनबाईचा, पाय मोडला होता तेव्हा चारदा लावून दिला. हा तुझा, शेवट आला की तू रडायचास." ते पुढे पुढे जात राहिले. सगळ्यांचं सगळं त्यांना पाठ होतं. निवृत्तीनंतरची चौदा वर्षं ते मागच्या खुर्चीत बसून पंख्याचा आवाज ऐकत होते. सिनेमा असा त्यांनी एकही पाहिला नव्हता.

शेवटी त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, "अगं, मला काय आवडतं?"

काकू हात पुसत बाहेर आल्या. "आम्ही हाक मारलेलं," त्या म्हणाल्या.

काकूंनी त्यांच्या हातातला रिमोट घेतला, आत गेल्या आणि लगेच परत आल्या.

"अहो, हे चालेना. बघता का जरा?"

रिमोटचं मागचं झाकण उघडं होतं, आत सेल नव्हते आणि काकूंची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. काकांनी दोन्ही नीट पाहिलं. मग त्यांनी चष्मा लावला.

"आधी चिठ्ठी," ते म्हणाले.

काकूंनी डावी मूठ तशीच ठेवून उजव्या हाताने पेन उचललं.