नाव घेतलेलं औषध

आमच्या आत्याबाईंच्या हातचं औषध न्यायला पार पवनीपासून माणसं यायची, आणि त्यांच्याच सुनेला, म्हणजे मला, त्या औषधात काय आहे ते विचारायची सोय नव्हती. लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा विचारलं होतं. माझ्याकडे असं काही बघितलं की पुन्हा म्हणून तोंड उघडलं नाही. आत्याबाई म्हणजे माझी सासू, निर्मलाबाई. आसगावच्या पुढं आमचं गाव. घरची धानाची शेती, आणि ओसरीवर सकाळपासून कोणाचं ना कोणाचं तापलेलं लेकरू.

त्यांची रीत ठरलेली. औषध आणायच्या आदल्या संध्याकाळी पदरात चिमूटभर तांदूळ घेऊन जायच्या आणि झाडाला आवतन द्यायच्या. हो, जेवायला बोलावतात तसं आवतन! "उद्या येतो, माह्या संगं चाल," असं म्हणायच्या म्हणे. पहाटे जाऊन आणायचं, वाटेत कोणाशी बोलायचं नाही, घरी दार लावून कुटायचं, वाळवून पुड्या बांधायच्या. कोणाकडून काही घ्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नाव घ्यायचं नाही. नाव तोंडातून निघालं की हाताचा गुण जातो. त्यांच्या सासूनं मरताना त्यांच्या कानात सांगितलं होतं, आणि त्या मरताना मला सांगणार होत्या. मी म्हणायची, "आत्याबाई, तेव्हा तुमचा आवाजच नाही निघाला तं?" तर म्हणत, "आत्ताच मरून नाही राहिलो मी. गुमान भांडे घास."

पावसाळा सरत आला की आमच्याकडे ताप येतो. धानाच्या बांध्यांमध्ये पाणी साचलेलं, मच्छर हे एवढाले, आणि घराघरात व्हायरल. आत्याबाई तापाला पुडी द्यायच्या ती मोजकीच. ताप उतरला की बंद. पण कोरोना येऊन गेला आणि माणसं बदलली. चांगली धडधाकट माणसं दारात यायला लागली. ताप नाही, खोकला नाही, तर म्हणे इम्युनिटी पाहिजे! आत्याबाई आधी चिडल्या. "बिमारी नाही तं औषध कायले? भूक नसताना कोणी जेवते का?" पण लोक आर्जवं करायचे, पाया पडायचे, आणि खरं सांगते, त्यांना ते आवडायला लागलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. ओसरीवर चार माणसं बसली की चेहरा खुलायचा. मग हळूहळू त्या कोणालाच नाही म्हणेनाशा झाल्या.

धर्मेंद्र हा आमच्या शेजारच्या बायजाबाईंचा मुलगा. राईस मिलवर कामाला जायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचा बाप गेला. स्वतःच्या पायानं दवाखान्यात चालत गेलेला माणूस, आणि घरच्यांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. तेव्हापासून शेजारी कोणी शिंकलं तरी धर्मेंद्र तोंडावर रुमाल धरून उठून जायचा. गावातले टवाळ त्याच्यासमोर मुद्दाम खोकायचे. मेले! ज्याचा बाप असा गेला त्यालाच ते कळतं.

आत्याबाईंना तो मोठीमाय म्हणायचा, आणि आत्याबाईंचा त्याच्यावर जीव. सख्ख्या मुलापेक्षा, म्हणजे माझ्या नवऱ्यापेक्षा, सचिनपेक्षा, काकणभर जास्तच. गेल्या पावसाळ्यात त्यानं मोठीमायची पुडी रोज सुरू केली. जोडीला मेडिकलमधून गोळ्या आणल्या, त्याही रोज. मोबाईलवर बघून अंगणातल्या निंबावरचा एक वेल तोडून त्याचा काढा, तोही सकाळ-संध्याकाळ. यातलं त्यानं आत्याबाईंना काहीच सांगितलं नाही, त्यांच्या औषधाचा अपमान होईल म्हणून. आणि आत्याबाईंनी पुडीत काय आहे ते त्याला सांगितलं नाही. सांगणार कशा?

धान कापणीला आलं तेव्हा त्याचं जेवण तुटलं. सारखी मळमळ, अंगात त्राण नाही. एका सकाळी बघतात तर डोळे पिवळेजर्द. त्याला भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काविळीच्या होत्या नव्हत्या त्या तपासण्या केल्या. साथीच्या काविळीचं काही सापडेना, आणि लिव्हरची सूज तर वाढतच चाललेली. पोरगा गुंगीत जायला लागला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा घरी काय काय घेत होता? बायजाबाईंनी गोळ्या दाखवल्या, काढ्याचं सांगितलं आणि शेवटी पिशवीतून आमची पुडी काढली.

"यात काय आहे?"

बायजाबाईंना कुठलं माहीत!

"यात काय आहे ते मला कळलं पाहिजे. नाहीतर मी अंधारात उपचार करतेय. ज्यांनी दिलं त्यांना विचारून या, आजच्या आज."

बायजाबाई दुपारी आमच्या ओसरीवर आल्या. बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. "निर्मलाबाई, पुडीत काय हाय ते सांगा. गोळ्या दाखवल्या, काढ्याचं सांगितलं, आता डॉक्टरीण पुडीचं विचारून राहिली. पोरगं हातचं चाललं माय!"

आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"सांगा ना वो!"

"त्याच्यानं काही नाही होत. इतके वर्ष देऊन राहिलो, कोणाले काही झालं का?"

"मी कुठं म्हणतो तुमच्यानं झालं? फक्त नाव सांगा."

"नाव नाही घेता येत, बायजा."

माझं डोकंच फिरलं. सासू आहे, मोठी आहे, काही बघितलं नाही मी. "का वो आत्याबाई, तुमचा गुण मोठा आन पोराचा जीव लहान? काय करता त्या गुणाचं? लोणचं घालता?"

मला वाटलं आता सूप माझ्या अंगावर येतं. पण त्या रागावल्या नाहीत. "रुपा, गुण गेला तं माह्याजवळ काय राहिलं? शाळा नाही शिकलो, काही नाही. कोण येईन मंग माह्या दारात?"

इतकी वर्षं एका घरात राहून या बाईला कशाची भीती आहे ते मला ठाऊक नव्हतं. राग गेला नाही, पण रडू आलं.

मग त्यांनी बायजाबाईंना विचारलं, "काढा कायचा पेत होता तो?"

"गुळवेलीचा. आमच्या निंबावरच्या. मेडिकलच्या गोळ्याबी गुळवेलीच्याच."

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आधीपासून."

आत्याबाईंच्या हातून सूप सुटलं. तांदूळ ओसरीभर झाले. त्या उठल्या, चप्पलसुद्धा न घालता अंगणात उतरल्या आणि म्हणाल्या, "सचिनले ऑटो आणाले सांग. भंडाऱ्याले जाऊ."

मला वाटलं होतं, डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन कानात सांगतील. तसं काही केलं नाही त्यांनी. धर्मेंद्रच्या खाटेजवळ उभ्या राहिल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "गुळवेल होय बाई ते. दुसरं काही नाही. घरी काढा पेत होता तेच, गोळ्यात होतं तेच, आन वरून मीबी तेच देत राहिलो. त्याले मालूम असतं तं त्यानं घेतलंच नसतं. मीनं नाही सांगितलं."

"गुळवेल?" बायजाबाई म्हणाल्या. "आमच्या निंबावर हाय ते?"

"हो. तेच."

तेव्हा बायजाबाईंनी शिव्या दिल्या असत्या तरी मी काही म्हटलं नसतं. पण त्यांनी तोंड फिरवलं आणि पोराच्या पायावरची चादर नीट केली.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, गुळवेल एखाद्याच्या लिव्हरला सोसत नाही. आणि याच्या पोटात तर ती तिन्ही बाजूंनी, रोज जात होती. सांगितलंत ते फार बरं केलंत." मग सगळं बंद करून त्यांनी नव्यानं औषधं लिहिली. आत्याबाईंचं लक्षच नव्हतं. त्या आपल्या दोन्ही हातांकडे बघत होत्या.

त्या घरी परत आल्याच नाहीत. वॉर्डाबाहेर चादर टाकून पडून राहायच्या. मी डबा न्यायची, तर दोन घास खाऊन बाकीचा बायजाबाईंपुढं सरकवायच्या. दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायच्या. एकदा धर्मेंद्रनं आईलाही ओळखलं नाही, त्या दिवशी आत्याबाई भिंतीला डोकं टेकून नुसत्या बसून होत्या. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. देवा, याला वाचव, एवढंच मी म्हणत होते. मग रिपोर्टमधले आकडे उतरू लागले. पोरगा डोळे उघडून बोलायला लागला, भात मागायला लागला. तेव्हा कुठं आत्याबाई गावी आल्या.

गावात बातमी त्यांच्या आधी पोचलेली. "गुळवेलच होती का? ते तं आमच्या बांधावर ढीगभर हाय!" बोअरिंगवर एक जण हे बोलून दात काढत होता. त्याला मी असं सुनावलं की बादली तिथंच टाकून गेला. तापाची लेकरं आता सरळ दवाखान्यात जायला लागली. चांगलंच झालं, मी कुठं नाही म्हणते? पण आत्याबाई रोज सकाळी ओसरी झाडून बसायच्या, आणि ऊन अंगणात उतरलं की उठून आत जायच्या.

धर्मेंद्र घरी आला तो निम्मा होऊन. आईचा हात धरून आमच्याकडे आला. बायजाबाईंनी लुगडं आणलं होतं. म्हणाल्या, "निर्मलाबाई, तुमच्यानं वाचला."

"माह्यानंच पडला होता," आत्याबाई म्हणाल्या. लुगड्याला हात लावला नाही.

मग त्यांनी धर्मेंद्रला उजेडात ओढलं. अंगठ्यानं त्याची पापणी खाली केली आणि डोळा बघितला. पांढरा होता. दुसरा बघितला, तोही पांढरा. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या, खांबाला धरून, मोठ्यानं.

"मीनंबी तुमाले काही सांगितलं नाही, मोठीमाय," धर्मेंद्र म्हणाला.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आता इथं औषधाले येऊ नको. माह्याजवळ काही नाही राहिलं."

"मंग कायले येऊ?"

"चहा प्याले ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाला आला. बाकी कोणी आलं नाही.