डॉक्टरांचं अर्धं वाक्य

मंगळवारी कल्याणला वकिलांकडे जायचं होतं. ठाण्याहून निघताना शर्टाची बटणं वरखाली लावली होती, ते कल्याणला टांग्यात बसल्यावर लक्षात आलं.

प्रकरण अक्काच्या यजमानांचं, म्हणजे माझ्या भाऊजींचं. कल्याणात त्यांचं तुपाचं दुकान आहे. आलेलं तूप तळहातावर चोळून एकदा हुंगलं, की त्यात वनस्पती तूप मिसळलंय का हे ते सांगत... गिऱ्हाइकं त्या नाकाच्या भरवशावरच येत.

मागल्या वर्षी त्याच नाकात मांस वाढलं. आडवं पडलं की जीव गुदमरे. ऑपरेशन झालं, श्वास मोकळा झाला... आणि वास गेला तो गेलाच. दिवाळीत भेसळीचे डबे त्यांच्याच हातून विकले गेले. जुनी गिऱ्हाइकं तुटली.

म्हणून डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा करायचा ठरला. 'धोका सांगितलाच नाही' हा त्यातला मुख्य मुद्दा आणि साक्षीदार मी. ऑपरेशनच्या दिवशी अक्काबरोबर मीच होतो ना...

काळजी हीच होती, की मला तो दिवस स्वच्छ आठवत होता. भाऊजींना आत नेल्यावर डॉक्टर आमच्याकडे आले. "श्वास सुधारेल, पण वासाचं मात्र..." एवढं म्हणाले, तोच अक्का म्हणाली, "डॉक्टर, अशा वेळी वाईट बोलू नये. बरं होईल एवढंच म्हणा."

डॉक्टर हसले. "बरं होईल," म्हणाले आणि आत गेले.

याला सांगितलं म्हणायचं, की नाही म्हणायचं? गप्प राहिलो तर एका माणसाचं नाव जाईल, बोललो तर बहिणीचं दुकान... आणि बोलायचं ते खऱ्यासाठी, की आपण खरे म्हणवून घ्यायला? आठवडाभर झोप नीट लागली नाही.

वकिलांनी आधी अक्काला विचारलं. "काही म्हणाले नाहीत," ती म्हणाली. मग ते माझ्याकडे वळले... मी सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक, की त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

"शहाणा झालास हो, दामू," अक्का म्हणाली. "कॉलेजात घातलं ते याचसाठी?"

भाऊजी तिच्याकडे वळले. "म्हणजे तू त्यांना गप्प केलंस?"

"मग काय, अभद्र ऐकत बसू?"

"तू नको ऐकूस. पण नाक माझं होतं ना... मी आत टेबलावर पाय हलवत बसलो होतो, चांगला शुद्धीवर. चार पावलं येऊन मला सांगायला त्यांचं काय जात होतं?"

वकील म्हणाले, याने दावा लंगडा होईल. भाऊजी म्हणाले, "होऊ दे. दामू म्हणतो तसंच घाला आणि मी म्हणतो तेही घाला."

पुढे काय होईल, ते कोर्ट ठरवील. अक्का अजून माझ्याशी बोलत नाही... भाऊजींनी मात्र जाताना पाठीवर हात ठेवला.

त्या हाताने मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. आठवडाभर मी अक्काचा विचार केला, डॉक्टरांचा केला, स्वतःचा तर फारच केला... आधी भाऊजींना जाऊन सांगावं, हे मलाही सुचलं नव्हतं.